लावलेला रंग आणि जिरलेला रंग

एखाद्या चित्रकाराचा विषय दुसऱ्यानें घेतला तर आपण त्यास परंपरा म्हणतों. त्याची रेषा घेतली तर अनुकरण म्हणतों. परंतु कापडावर रंग घालण्याची त्याची रीतच कोणीं उचलली, तर तिला काय म्हणावें याविषयीं आपल्या टीकाकारांत मोठा गोंधळ दिसतो. एक पक्ष म्हणतो कीं, रीत हें केवळ हत्यार आहे. सुताराच्या रंध्याप्रमाणें तें कोणींही वापरावें. दुसरा पक्ष म्हणतो कीं, अमूर्त चित्रांत ओळखूं येण्याजोगी वस्तूच नसल्यामुळें रंग घालण्याची रीत हेंच त्याचें सर्वस्व होय. ती घेतली कीं चोरी झालीच. आम्हांस हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात, आणि ते कां अपुरे आहेत हें अमेरिकेंतील एका उदाहरणावरून दाखविण्याचा येथें विचार आहे.

जॅक्सन पोलॉक यानें १९४७ ते १९५० या काळांत कॅन्व्हस उभा न ठेवतां जमिनीवर पसरला, आणि काठीनें किंवा वाळून कडक झालेल्या कुंचल्यानें घरें रंगविण्याचा पातळ रंग वरून ओघळूं दिला. या चित्रांविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं त्यांत भर घालण्याची आम्हांस इच्छा नाहीं. आमच्या मुद्द्यापुरती एकच गोष्ट सांगावयाची, ती ही कीं या चित्रांत रंग कापडावर पडतो आणि बहुतांशीं वरच राहतो. सुताचा गुंता जमिनीवर पडावा तसा. पुढें १९५१ सालच्या काळ्या चित्रांत मात्र तो अस्तर न दिलेल्या कापडांत मुरूं लागला होता.

हीं चित्रें पाहणाऱ्यांत हेलन फ्रँकेन्थेलर या न्यूयॉर्कच्या तरुण चित्रकार बाई होत्या. १९५२ च्या उन्हाळ्यांत त्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांतांत जाऊन आल्या, आणि त्याच वर्षीं २६ ऑक्टोबर रोजीं त्यांनीं ‘डोंगर आणि समुद्र’ हें चित्र केलें. त्या वेळीं त्यांचें वय तेवीस वर्षांचें होतें. चित्र सुमारें सात फूट उंच व पावणेदहा फूट रुंद आहे. पोलॉककडून बाईंनीं कापड जमिनीवर पसरणें, त्याच्या चारी बाजूंनीं हिंडणें आणि सबंध शरीरानें काम करणें एवढेंच घेतलें. काठी घेतली नाहीं, गुंता घेतला नाहीं. प्रथम कोळशानें कांहीं सैल रेघा काढल्या. मग तैलरंगांत टर्पेंटाइन मिसळून तो जलरंगासारखा पातळ केला आणि कोऱ्या सुती कापडावर ओतला.

येथें थोडें थांबलें पाहिजे, कारण सारें मर्म या कोऱ्या कापडांत आहे. तैलचित्राचें कापड सरस व पांढरें अस्तर लावून तयार करण्याची चाल कित्येक शतकांची आहे. अस्तर रंगाला वर थोपवून धरतें. चित्रकार त्यावर थर चढवितो, चुकलें तर खरवडतो, पुन्हां लावतो. कोरें कापड रंगाला थोपवीत नाहीं, पिऊन टाकतें. वीण दिसत राहते. रंग आणि कापड असे दोन पदार्थ उरत नाहींत, आणि जेथें रंग पोंचला नाहीं तेथील कापडच उजेडाचें काम करतें. शिवाय जिरलेला रंग खरवडतां येत नाहीं. साडीवर हळदीचा डाग पडला म्हणजे गृहिणीला जें कळतें, तेंच येथें चित्रकाराला कळतें! म्हणजे रीत बदलली तेव्हां केवळ दिसणें बदललें नाहीं. विचार करण्याची वेळही बदलली. थरांचा चित्रकार हात चालवीत विचार करूं शकतो. ओतणाऱ्यास पुष्कळसा विचार आधीं करावा लागतो, आणि ओतल्यावर रंग जिकडे जाईल तिकडे डोळा ठेवून पुढचें पाऊल टाकावें लागतें. हें स्वातंत्र्य आहे असें वरवर वाटतें, परंतु आमच्या मतें यासारखें बंधन दुसरें नाहीं.

या रीतीला दोषही होता. तैलरंगांतील तेल रंगापेक्षां पुढें पसरून डागाभोंवतीं फिकट कडा उमटवितें, आणि उघड्या सुतास तेल कालांतरानें अपायकारक ठरतें. म्हणून तर जुन्यांनीं अस्तर शोधलें. छापील प्रतिकृतींत ही कडा बहुधा नाहींशी होते, आणि पुस्तकें पाहून मत बनविणाऱ्यांस चित्र निव्वळ गोड वाटतें. वस्तुतः त्या चित्रांत डोंगर कोठें संपतो आणि पाणी कोठें सुरू होतें हें सांगतां येत नाहीं, तें या पसरत्या कडांमुळें. प्रवासाहून परतल्यावर पाहिलेला देश मनांत जसा राहतो, कांहीं भाग ठळक, पुष्कळसा विरघळलेला, तसा तो येथें आहे. या आठवणीला जिरणारा रंगच हवा होता.

१९५३ च्या एप्रिलमध्यें क्लेमेंट ग्रीनबर्ग या टीकाकारानें वॉशिंग्टनहून आलेल्या मॉरिस लुईस व केनेथ नोलंड या दोघां चित्रकारांस हें चित्र दाखविलें. परत गेल्यावर दोघांनीं मिळून रंग ओतण्याचे प्रयोग केले. लुईसचें वय तेव्हां चाळिशीचें होतें. १९५४ मध्यें त्यानें पडद्यासारखीं चित्रें केलीं. त्यांत रंगाचे एकावर एक ओघ कापडांत उतरून शेवटीं तपकिरी वा हिरवट छाया उरते आणि कडेला मूळचे तांबडे-पिवळे रंग डोकावतात. येथवर पाहणारा म्हणेल कीं, रीत घेतली व काम झालें. पण पुढील तीन वर्षें काय झालें पाहा. लुईस पुन्हां त्या काळच्या जोरकस हातवाऱ्यांच्या चित्रकलेकडे वळला, आणि १९५५ ते १९५७ मधील बहुतेक चित्रें त्यानें स्वतःच नष्ट केलीं. रीत हातांत असून वाट सांपडत नव्हती. १९५८ मध्यें तो पडद्यांकडे परतला, आणि तेथून १९६२ मध्यें मृत्यु येईपर्यंतच्या थोड्या वर्षांत त्यानें आपलें खरें काम केलें.

तें काम राहत्या घरांतील सुमारें बारा फूट बाय चौदा फुटांच्या जेवणघरांत झालें. पत्नी नोकरीवर गेली म्हणजे तो कामाला लागे. काम करतांना तो कोणास पाहूं देत नसे, आणि आपल्या पद्धतीची टिपणेंही त्यानें ठेवलीं नाहींत. ‘आल्फा-पाय’ हें १९६० सालचें चित्र पावणेपंधरा फूट रुंद आहे, म्हणजे खोलीच्या मोठ्या बाजूहूनही रुंद. कापड कोठें तरी दुमडूनच काम झालें असलें पाहिजे. सबंध चित्र त्याला त्या खोलीत एका दृष्टीनें पाहतां येणें शक्य नव्हतें. दोन्ही बाजूंनीं रंगाचे ओघळ तिरपे उतरतात आणि मधला भाग अगदीं कोरा. बाईंच्या चित्रांत हात दिसतो, कोळशाची रेघ दिसते, कोणी तरी तेथें हिंडल्याचें कळतें. लुईसच्या चित्रांत हात नाहींच. ओघळ आपल्याच भारानें उतरल्यासारखे वाटतात. त्याचा रंगही तेलाचा नव्हता. टर्पेंटाइनमध्यें विरघळणारा ‘मॅग्ना’ नांवाचा ॲक्रिलिक रंग होता, ज्याच्या डागाभोंवतीं तेलाची कडा उमटत नाहीं. एकच रीत, पण एकीकडे आठवण आणि दुसरीकडे जवळ जवळ निसर्गनियम! नोलंडनें तीच रीत वर्तुळांत वर्तुळ काढण्यास लावली. तीं चित्रें आम्हांस चोख वाटतात, पण मन त्यांत फार वेळ रमत नाहीं.

आपल्याकडे गाण्यांत हा भेद लोकांस सहज कळतो. गुरूचा खर्ज आणि घसा खाकरण्याची लकबही शिष्य उचलतो. त्याला घराणें मिळालें असें जाणकार म्हणत नाहींत. चित्रांत मात्र आपण लवकर फसतों. वासुदेव गायतोंडे यांचेंच पाहा. मूळ गोव्याचें घराणें, जन्म १९२४ मध्यें नागपूरचा, १९४८ मध्यें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका. त्यांनीं पुढें कुंचला बाजूस ठेवून रोलर व सुरी घेतली; कागदाच्या फाटक्या तुकड्यांनीं रंग उमटविला, उचलला, पुसला. लुईस रंग कापडांत घालवितो, गायतोंडे थरांतून उजेड बाहेर काढतात. या दोघांचा एकमेकांशीं संबंध जोडण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु रोलरनें घोटलेली एकरंगी भूमि आणि तीवर दोनचार खुणा असलीं चित्रें हल्लीं आमच्याकडील प्रदर्शनांत इतकीं दिसतात कीं, रोलर हाच गायतोंडे असा कित्येकांचा समज झाला असावा. गायतोंडे वर्षाकांठीं मोजकींच चित्रें करीत; उरलेला वेळ ते काय करीत होते, हा प्रश्न या तरुणांनीं स्वतःस विचारला तर बरें होईल. प्रयोग करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. रोलर घ्यावा, ओतूनही पाहावें. लुईसनेंही तसेंच केलें. मात्र जें जमलें नाहीं तें त्यानें प्रदर्शनांत मांडलें नाहीं, फाडून टाकलें.

आतां एका अन्यायाविषयीं. कलेतिहासाच्या पुस्तकांतून फ्रँकेन्थेलर बाईंस पोलॉक आणि लुईस यांच्यामधील ‘पूल’ म्हणण्याची रूढी पडली आहे. प्रशंसेच्या सुरांत म्हटलेला हा शब्द आम्हांस मुळींच मान्य नाहीं. पुलावरून लोक जातात. पुलाला स्वतःस कोठें जावयाचें नसतें. लुईसनें रीत घेतली यांत चोरी नाहीं, कारण तिचें कारण त्याला स्वतःचें शोधावें लागलें, आणि तें शोधतांना तीन वर्षांचें काम मातींत घालावें लागलें. पण त्यानें घेतली म्हणून बाईंची रीत संपली असेंही नाहीं. त्या २०११ पर्यंत जगल्या. १९६० नंतर त्यांनीं तेल सोडून ॲक्रिलिक रंग घेतले, तेव्हां ती फिकट कडा गेली, आकार अधिक ठाम झाले, आणि त्यांस जुनी मोहिनी सोडून नव्यानें मांडणी करावी लागली. कांहीं रसिकांस हा तोटा वाटतो. आम्हांसही क्वचित् वाटतो. पुढें १९७० नंतर त्या लाकडी ठशांकडे वळल्या. ठसा म्हणजे कोरीव, कठीण, आधीं ठरविलेलें काम. ओतण्याच्या अगदीं उलट. २००० सालीं केलेल्या ‘मादाम बटरफ्लाय’ या तीन भागांच्या ठसाचित्रास ४६ लाकडी ठसे व १०२ रंग लागले, आणि एवढी खटपट कशासाठीं, तर रंग कागदांत आपोआप जिरल्यासारखा दिसावा म्हणून.