बाटली ‘आईसारखी’ असते का?

कन्हानला राहणाऱ्या आणि रोज कामठीच्या एका शाळेत शिकवायला जाणाऱ्या आमच्या एका स्नेही शिक्षिकेची बाळंतपणाची रजा संपत आली होती. बाळ पाच महिन्यांचे, पूर्णपणे अंगावर पिणारे. शाळेचे सहा-सात तास आजी त्याला सांभाळणार आणि आईने पिळून ठेवलेले दूध पाजणार, इथपर्यंत घरात एकमत झाले होते. प्रश्न राहिला तो दूध कशातून पाजायचे हा. औषधाच्या दुकानात तिने बाटली मागितली तेव्हा दुकानदाराने तीन खोकी पुढे ठेवली. ती तिन्ही घेऊन ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, “तुम्ही विज्ञानाचे मासिक काढता ना? मग सांगा, यातली कोणती ठेवू?”

पहिल्या खोक्यावर लिहिले होते, ‘अगदी आईसारखी’. दुसऱ्यावर, ‘पोटशूळ-प्रतिबंधक झडप’. तिसऱ्यावर, ‘बीपीएमुक्त’. निपलचा वेग ‘मंद’ असल्याचे तिन्हींवर छापले होते. विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीत नुसते विधान आढळले की आपण तांबड्या शाईने शेजारी लिहितो, ‘हे कशावरून?’ ही खोकी आम्ही त्याच पद्धतीने वाचली. जे हाती आले ते आईबापांइतकेच शिक्षकांच्याही उपयोगाचे आहे, म्हणून येथे देत आहोत.

आधी ‘आईसारखी’ या शब्दाकडे पाहू. खोक्यावरच्या चित्रात निपलचा रुंद, गोलसर आकार दिसतो आणि तो स्तनासारखा आहे हे मान्य करावे लागते. पण हा आकार आपण पाहतो तो हातात धरलेल्या निपलचा. बाळाच्या तोंडात गेल्यावर आईचे स्तनाग्र ताणले जाऊन त्याची लांबी जवळजवळ दुप्पट होते, आणि बाळ नुसते स्तनाग्र नव्हे तर भोवतालचा काळसर भागही तोंडात घेते. रबराचे किंवा सिलिकोनचे निपल इतके ताणले जात नाही. तेव्हा साम्य आहे ते डोळ्यांना दिसणारे, जिभेला जाणवणारे नव्हे.

मुख्य फरक तर आकारात नाहीच. बाळ दूध कसे ओढते याबद्दल पूर्वी समज असा होता की जीभ स्तनाग्र टाळूवर दाबून दूध पिळून काढते. २००८ साली ऑस्ट्रेलियात पर्थ येथील संशोधकांनी दूध पिणाऱ्या बाळांच्या तोंडाचे अल्ट्रासाउंडने निरीक्षण केले, तेव्हा जीभ खाली जाताना तोंडात पोकळी वाढते, दाब कमी होतो आणि त्याच क्षणी दूध येते असे दिसले. म्हणजे पिचकारीत पाणी ओढताना जे घडते तेच. त्यातही दूध एकसारखे येत नाही. बाळ आधी भराभर लुचते, तेव्हा फारसे काही मिळत नाही. मग आईला पान्हा फुटतो, दूध वाहू लागते, चोखणे संथ आणि खोल होते. थोड्या वेळाने धार ओसरते, बाळ थांबते, पुन्हा लुचते, पुन्हा पान्हा येतो. किती घ्यायचे आणि केव्हा थांबायचे हे या लाटांमधून बाळच ठरवते. उलटी धरलेली बाटली पहिल्या चोखण्याबरोबर दूध देऊ लागते आणि रिकामी होईपर्यंत देत राहते. पान्हा कोणत्याही खोक्यात भरता येत नाही.

बाळ अंगावरचे पिते की पावडरीचे, हा प्रश्न बाटली निवडताना इथे महत्त्वाचा ठरतो. अंगावर पिणाऱ्या बाळाला थांबण्याची सवय असते. भरभर येणाऱ्या बाटलीतून ते वेळेआधीच जास्त पिऊन बसते. आजी सांगते, “बाळाने सगळी बाटली संपवली, अजून मागत होते.” आई रात्री हिशेब करते की आपण तर शाळेत मधल्या सुटीत एवढे काढू शकत नाही. तिला वाटते आपले दूध पुरत नाही. आठवड्याभरात पावडरीचा डबा घरात येतो, बाळ स्तनावर कमी लुचते, आणि लुचणे कमी झाले की दूध खरोखरच कमी होते. दूध आटले असे आपण ज्याला म्हणतो, त्यातली काही उदाहरणे अशी बाटलीच्या भोकापासून सुरू होतात.

आकडे पाहिले तर ही भीती बरीचशी अनाठायी ठरते. पहिल्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत अंगावर पिणारे बाळ दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिलिलिटर दूध घेते, आणि बाळ वाढले तरी हा आकडा फारसा वाढत नाही. दिवसातून आठ-दहा वेळा पिणाऱ्या बाळाला एका वेळी ८० ते १०० मिलिलिटर झाले. दुकानात मात्र हाताशी येते ती २५० मिलिलिटरची बाटली. ‘मोठी घ्या, पुढेही चालेल’ हा सल्ला भांड्याच्या बाबतीत ठीक आहे. बाटली मोठी असली की ती भरली जाते, आणि भरली की संपवली जाते.

निपलच्या वेगाबद्दल आमची तक्रार सर्वांत मोठी आहे. ‘मंद’, ‘मध्यम’, ‘जलद’ हे शब्द छापले जातात, पण मिनिटाला किती मिलिलिटर याचा आकडा नसतो. २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाजारातली अनेक प्रकारची निपल एकाच यंत्रावर तपासली होती. कुणातून मिनिटाला २ मिलिलिटरपेक्षा कमी, तर कुणातून ८० पेक्षा जास्त दूध येत होते, आणि नावावरून वेगाचा भरवसा देता येत नव्हता. आमच्या समोरच्या तिन्ही ‘मंद’ बाटल्यांत आम्ही सारखेच पाणी भरून त्या उलट्या धरल्या. एकीतून थेंब मोजता येत होते, दुसरीतून थेंब थोडे पडून बंद झाले, तिसरीतून बारीक धार लागली. थर्मामीटरवर ‘थोडा ताप’, ‘बराच ताप’ असे लिहिले असते तर आपण तो विकत घेतला असता का?

दुसऱ्या बाटलीतले थेंब बंद का झाले, हा नववीच्या वर्गाला विचारण्याजोगा प्रश्न आहे. तेलाच्या बंद डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळते, म्हणून दुकानदार दुसरे भोक पाडतो. दूध बाहेर गेले की आतल्या हवेचा दाब कमी होतो; बाहेरून हवा आत येईपर्यंत प्रवाह थांबतो. ‘पोटशूळ-प्रतिबंधक झडप’ म्हणजे हे दुसरे भोक. ते उपयोगी आहे यात शंका नाही, निपल आत चिमटत नाही, बाळाला जोर लावावा लागत नाही. पण एवढ्यावरून पोटशूळ थांबतो असे कसे म्हणता येईल? तान्ह्या बाळांचे संध्याकाळचे ते अखंड रडणे बाटलीची हवा पोटात गेल्याने होत असते, तर अंगावर पिणाऱ्या बाळांना ते झालेच नसते. प्रत्यक्षात दोन्ही प्रकारच्या बाळांत त्याचे प्रमाण सारखेच आढळते. शिवाय हे रडणे साधारण दीड महिन्याच्या सुमारास कळसाला पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. त्यामुळे दुसऱ्या महिन्यात घेतलेली कोणतीही बाटली, काढा किंवा ताईत गुणकारीच ठरतो. आमच्या मैत्रिणीचे बाळ पाच महिन्यांचे. तिला तर हा दावा न आलेल्या पाहुण्यासाठी शिजवलेल्या भातासारखा होता.

या झडपेची एक किंमतही असते. तिच्याबरोबर नळी, चकती, वाटोळी पट्टी असे चार-पाच जादा भाग येतात आणि प्रत्येकाच्या खाचेत दुधाचा थर बसतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये लांब रबरी नळीची बाटली फार लोकप्रिय होती, कारण बाळ ती एकटेच पडून पिऊ शकत असे. नळी आतून धुता येत नसे. अनेक बाळे दगावली आणि लोक त्या बाटलीला खुनी बाटली म्हणू लागले. आजच्या बाटल्या तशा नाहीत, पण कसोटी तीच लावावी: प्रत्येक भाग सुटा होतो का, ब्रश तळापर्यंत जातो का, आणि हे सगळे दिवसातून तीनदा उकळायला घरात कोण आहे?

‘बीपीएमुक्त’ हा शब्द खरा आहे, पण त्यात फुशारकी मारण्यासारखे काही नाही. बिस्फिनॉल-ए हे रसायन पॉलिकार्बोनेट या काचेसारख्या कडक, पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये असते. युरोपीय संघाने २०११ मध्ये दुधाच्या बाटल्यांत त्याला बंदी केली आणि आपल्याकडे २०१५ च्या सुधारित भारतीय मानकात अशा बाटल्यांना जागा राहिली नाही. आमच्या पुढची बाटली पॉलिप्रॉपिलीनची होती, आणि त्यात बीपीए मुळातच नसते. शेंगदाणा तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलरहित’ लिहितात, तसाच हा प्रकार. उलट पॉलिप्रॉपिलीनबद्दल जे सांगायला हवे होते ते खोक्यावर नाही. २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संशोधकांना असे आढळले की या बाटल्यांत गरम पाणी घालून हलवले तर लिटरमागे कोट्यवधीपर्यंत सूक्ष्म प्लॅस्टिकचे कण सुटतात, आणि पाणी जितके गरम तितके कण जास्त. त्यांचा बाळावर काय परिणाम होतो हे अजून ठरलेले नाही. मात्र उकळून घेतलेली बाटली थंड होऊ द्यावी, निवलेल्या पाण्याने विसळावी आणि मगच दूध भरावे, हे लिहायला कितीशी शाई लागते? काचेच्या किंवा स्टीलच्या बाटलीला ही अडचण नाही.

आणखी एक सूचना आम्हाला खटकली. पिळलेले दूध ‘सामान्य तापमानात ४ तास’ ठेवता येते, असे एका खोक्यातल्या कागदावर होते. मूळ अमेरिकी सूचनेत पुढे ‘२५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी’ असे शब्द आहेत. ते इथे गळले. कन्हानला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि कूलर लावलेली खोलीही २५ अंशांवर येत नाही. भर उन्हाळ्यात वीज गेली तर काय, याचा विचार त्या कागदाने केलेला नाही. दूध काढल्याबरोबर बर्फाच्या पिशवीत, घरी आल्यावर फ्रिजमध्ये, पाजण्यापूर्वी कोमट पाण्यात भांडे ठेवून, आणि उष्टे उरलेले टाकून द्यायचे. आमच्या मैत्रिणीला आम्ही एवढेच सांगितले.

कायद्याचे बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्ये स्तनपान-पर्यायांच्या विक्रीबाबत संहिता मंजूर केली. विरोधात एकच मत पडले, अमेरिकेचे. भारताने १९९२ मध्ये कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये आणखी कडक झाला. दूध-पावडरीइतकीच दुधाच्या बाटलीचीही जाहिरात करायला त्याने बंदी केली आहे. आणि ‘जाहिरात’ या शब्दाची व्याख्या करताना त्यात लेबल व वेष्टन यांची नावे घेतली आहेत. मग ‘अगदी आईसारखी’ हे वेष्टनावरचे वाक्य माहिती आहे की जाहिरात? आमच्या मते ती जाहिरातच आहे, आणि तिची तपासणी व्हायला हवी. पावडरीच्या डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्र छापायला हाच कायदा मनाई करतो. बाटलीच्या खोक्यावर मात्र गुटगुटीत बाळ हसत असते. याच कायद्याने बाटलीच्या वेष्टनावर भारतीय मानकाची खूण सक्तीची केली आहे. आमच्या तीन खोक्यांपैकी दोहोंवर ती होती. तिसरे, सर्वांत महागडे, परत केले. अशा तक्रारी न्यायालयात नेण्याचा अधिकार शासनाने ज्या मोजक्या संस्थांना दिला, त्यांतली एक, भारतीय स्तनपान प्रोत्साहन जाळे, डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्याला स्थापन झाली. नागपूरहून रेल्वेने तास-दीड तासाच्या अंतरावर.

बाटली नकोच, असे म्हणणारे डॉक्टर पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे आम्हाला बहुतांशी पटते. आपल्या आज्यांकडे चांदीचे किंवा स्टीलचे बोंडले असे. उघडे, एका चोचीचे, बोटाने पुसून स्वच्छ होणारे. त्यात खाच नाही, झडप नाही, निपलचा वेग नाही. बाळ घोट घेईल तेवढेच दूध जाते. पाच महिन्यांचे बाळ वाटी-चमच्यानेही सहज पिते. पण बोंडल्याने दूध सांडते, हात स्थिर लागतो आणि वेळही लागतो. आमच्या मैत्रिणीच्या सासूबाईंच्या हाताला कंप आहे. त्यांना बोंडल्याचा महिमा ऐकवणे म्हणजे त्यांच्यावरच दोष ढकलणे झाले असते.

शेवटी तिने घेतली ती सगळ्यांत साधी: १२५ मिलिलिटरची, रुंद तोंडाची, काचेची, तीनच सुटे भाग असलेली, आणि खुणेची. निपल आम्ही थेंब मोजून निवडले. आजींना दाखवले की बाळाला मांडीवर ताठ बसवायचे आणि बाटली जवळजवळ आडवी धरायची, म्हणजे दुधाच्या स्तंभाची उंची कमी, दाब कमी आणि धारही कमी. मध्येमध्ये बाटली खाली करून बाळाला थांबू द्यायचे. आजींनी दोन दिवस करून पाहिले आणि विचारले, “मग हे बाटलीच्या खोक्यावर का लिहीत नाहीत?” सकाळची एक वेळ, सून घरात असते तेव्हा, त्या अजूनही बोंडल्यानेच पाजतात.