आकडा आपोआप उतरतो तेव्हा

मी नेमकं कशावर संशोधन करते, हे घरी समजावून सांगणं अवघड जातं. माझ्या कामात नवं औषध नाही, पेशी नाहीत, प्रयोगशाळाही नाही. आईला मी म्हणते, "दवाखाना कसा चालतो ते बघते." ती म्हणते, "त्यात बघायचं काय? वाईटच चालतो." आरोग्यसेवा संशोधनाची याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही. वाईट चालतो हे सगळ्यांनाच दिसतं. पण कुणी काही बदल केला आणि त्यानंतर तो बरा चालायला लागला, तर तो त्या बदलामुळेच, हे सिद्ध करताना आमचा घाम निघतो.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा अतुल गावंडे यांचा २०११ सालचा 'न्यूयॉर्कर'मधला 'द हॉट स्पॉटर्स' हा लेख दिला जातो. (गावंड्यांच्या वडिलांचं गाव आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं.) अमेरिकेतल्या न्यू जर्सीत कॅम्डेन नावाचं गरीब शहर आहे. तिथल्या जेफ्री ब्रेनर या डॉक्टरांनी रुग्णालयांच्या बिलांची माहिती तपासली आणि त्यांना दिसलं की एक टक्का रुग्णांवर ३० टक्के खर्च होतोय. मग त्यांनी नर्सेस आणि समाजसेवकांची टीम बांधली. टीम या लोकांच्या घरी जायची, औषधं नीट लावून द्यायची, डॉक्टरची वेळ घ्यायची, राहायच्या जागेसाठी खटपट करायची. पहिल्या ३६ रुग्णांच्या रुग्णालयाच्या आणि इमर्जन्सीच्या फेऱ्या महिन्याला सरासरी ६२ होत्या, त्या ३७ वर आल्या. लेख अप्रतिम आहे. मी तो पहिल्यांदा बसमध्ये वाचला आणि माझा स्टॉप चुकला.

आज तोच लेख वाचताना मी त्या ६२ आणि ३७ पाशी अडखळते. त्याचं कारण माझी स्वतःची फजिती आहे.

पीएचडीत माझ्याकडे असाच एक प्रकल्प होता. एका रुग्णालयात वारंवार इमर्जन्सीत येणाऱ्यांसाठी छोटी टीम काम करायची. मी आधीचा आणि नंतरचा आलेख काढला. रेघ अशी सुरेख खाली उतरली की मी तो लगेच टीमला दाखवून टाकला, त्यांनी केकही आणला. मग माझ्या गाइडनी विचारलं, "वेटिंग लिस्टवर राहिले त्यांचं काय झालं?" मी त्यांचा आलेख काढला. त्यांचीही रेघ जवळपास तशीच उतरत होती, आणि त्यांच्याकडे तर कुणी फिरकलंही नव्हतं.

यात जादू काही नाही. माणूस सगळ्यात वाईट सहा महिन्यांतून जात असतो तेव्हाच तो आमच्या यादीत येतो. त्यानंतरचे सहा महिने बऱ्याच जणांचे जरा बरेच जातात. ताप १०४ ला पोचल्यावर अंगारा लावला तरी तो उतरतो, आणि श्रेय अंगाऱ्याला जातं.

कॅम्डेनच्या लोकांचं मोठेपण हे की त्यांनी स्वतःची परीक्षा होऊ दिली. अर्थशास्त्रज्ञ एमी फिंकलस्टीन आणि सहकाऱ्यांनी २०१४ ते २०१७ या काळात ८०० रुग्ण घेतले, आणि कुणाला टीम मिळणार ते सोडतीने ठरवलं. निकाल २०२० मध्ये आला. १८० दिवसांत पुन्हा रुग्णालयात भरती व्हावं लागलेले टीमच्या गटात ६२.३ टक्के, दुसऱ्या गटात ६१.७ टक्के. दोन्ही गटांच्या भरत्या आधीपेक्षा कमी झाल्या होत्या. फक्त एकच गट बघितला असता, तर पुन्हा एक सुंदर आलेख तयार होता.

तेव्हापासून ही गोष्ट 'कल्पना फसली' अशी सांगितली जाते. इथे माझी हरकत आहे. योजनेप्रमाणे रुग्ण घरी गेल्यावर पाच दिवसांत घरभेट आणि सात दिवसांत डॉक्टरची भेट व्हायला हवी होती. दोन्ही गोष्टी वेळेत झाल्या त्या ३० टक्क्यांहूनही कमी रुग्णांच्या बाबतीत. ज्याचा फोन बंद आहे, पत्ता बदललाय, त्याला पाच दिवसांत गाठायचं कसं? 'औषध लागू पडलं नाही' आणि 'औषध पोटात गेलंच नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. शिवाय मुख्य मोजमाप ठरलं पुन्हा भरती होण्याचं, आणि ते रुग्णालयांच्या नोंदींत आयतं मिळतं. कुणाला राहायला खोली मिळाली, कुणाचं इन्शुलिन नियमित झालं, याची अशी आयती नोंद कुठेच नसते.

मला इथे गडचिरोली आठवते. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला, तो १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तिथे भरवसा ठेवावा अशा आयत्या नोंदी नव्हत्याच. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू गावोगाव मोजावा लागला. ३९ गावांत सेवा आणि ४७ गावांत फक्त मोजणी. सेवेच्या गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून २५.५ वर आले, दुसऱ्या गावांत ते साठीच्या आसपासच राहिले. ती ४७ गावं नसती तर "रस्ते सुधारले, शिक्षण वाढलं, म्हणून झालं" असं कुणीही म्हणू शकलं असतं. गावांची सोडत काढली नव्हती, ही त्या प्रयोगाची मर्यादा मान्यच करायला हवी. कॅम्डेनमध्ये सोडत पक्की होती, पण मोजलं ते हाताशी होतं ते. प्रत्यक्षात काम करताना दोन्ही एकत्र जुळून येणं फार दुर्मिळ. त्यासाठी पैसा लागतो, वर्षं लागतात, आणि 'तुम्हाला सध्या सेवा मिळणार नाही' हे माणसाच्या तोंडावर सांगायची तयारी लागते.

माझ्या टीममधल्या नर्सताईंना दुसरा आलेख दाखवायला मला दोन आठवडे लागले. त्यांनी शांतपणे पाहिला आणि विचारलं, "म्हणजे वर्षभर आम्ही काहीच केलं नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांनी काय केलं ते मी मोजलंच नव्हतं. नंतर त्यांच्या वह्या मागून घेतल्या. कुणाला कितीदा फोन केले, कोण भेटलं, कोण नाही, सगळं त्यात होतं. पेपरमध्ये दोन्ही रेघा छापल्या, आणि त्या वह्यांमधून एक अख्खं प्रकरण उभं राहिलं.

तुमच्यातलं कुणी हेल्थ स्टार्टअपमध्ये असेल, कुणी गावाकडच्या संस्थेला दर वर्षी पैसे पाठवत असेल. पुढच्या वेळी 'भरती ४० टक्क्यांनी घटली' अशी स्लाइड समोर आली की तीन प्रश्न विचारा. हे लोक निवडले कसे? ज्यांना सेवा मिळाली नाही त्यांचं काय झालं? आणि ठरलेलं काम खरोखर किती जणांपर्यंत पोचलं? मी हे प्रश्न केक कापायच्या आधी विचारायला हवे होते.