हेरपटाचे शीर्षकगीत आणि चाहत्यांची अपेक्षा : ओळख व वेशांतर यांच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

चित्रपट पाहण्यापूर्वी त्याची गाणी ऐकणे ही भारतीय प्रेक्षकाची जुनी सवय आहे. तबकडी, नभोवाणी, ध्वनिफीत आणि आता भ्रमणध्वनी असा या सवयीचा प्रवास झालेला दिसतो. मात्र गाणे कानावर येण्यापूर्वीच ते कसे असावे, कोणी गावे, आधीच्या गाण्याच्या तोडीचे ठरेल किंवा नाही, याविषयी चाहत्यांनी हिरीरीने मते मांडणे हा या सवयीचा पुढचा टप्पा होय. हेरपटांच्या बाबतीत तो विशेष ठळकपणे जाणवतो. १४ ऑगस्ट २०२५ रोजी प्रदर्शित झालेल्या 'वॉर २' या चित्रपटाच्या निर्मात्यांनी 'जनाब-ए-आली' या गाण्याची केवळ झलक आधी दाखविली आणि संपूर्ण गाणे चित्रपटगृहासाठी राखून ठेवले. हृतिक रोशन आणि एनटीआर यांना एकत्र नाचताना पाहण्याची उत्सुकता हेच त्या गाण्याचे भांडवल होते. गाण्याइतकीच गाण्याची प्रतीक्षाही आता विक्रीयोग्य झाली आहे, हे यावरून स्पष्ट होते.

या प्रतीक्षेचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हेराचा व्यवसाय स्वतःची ओळख लपविण्याचा. शीर्षकगीताचे काम ओळख जाहीर करण्याचे. या विसंगतीकडे चाहत्यांची अपेक्षा कशी पाहते आणि समीक्षेने कसे पाहावे, एवढ्यापुरतीच येथे चर्चा केली आहे.

अपेक्षांचे क्षितिज

जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना मांडली. वाचक कोऱ्या मनाने कलाकृतीकडे येत नाही. आधी वाचलेल्या कृतींनी त्याच्या मनात एक क्षितिज आखलेले असते. नवी कृती आणि हे क्षितिज यांतील अंतर हा याउस यांच्या मते मूल्यमापनाचा एक निकष ठरतो. जी कृती क्षितिज जराही हलवीत नाही, ती करमणुकीच्या पातळीवर राहते.

मराठी रसिकाला ही कल्पना परकी वाटू नये. संगीत नाटकाचा प्रेक्षक पदे ठाऊक असूनच नाट्यगृहात येत असे. बालगंधर्वांच्या पदाला 'वन्स मोअर' मिळे तेव्हा मागणी ओळखीच्याच पदाची असे. परंतु त्या पदाची आज नवी जागा, नवी हरकत ऐकायला मिळेल ही आशाही तिच्यात असे. अपेक्षा जुन्याची आणि उत्सुकता नव्याची, असा तो समतोल होता. आजच्या हेरपटाच्या चाहत्याजवळ हा समतोल कितपत उरला आहे, हा खरा प्रश्न आहे.

गाणे आणि धून

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. हेरपटाचे संगीत दोन प्रकारे ओळख घडविते : एक शब्दयुक्त गाणे, दुसरी शब्दविरहित धून. बाँडपटांत हे दोन्ही प्रकार स्वतंत्रपणे विकसित झाले. 'डॉ. नो' (१९६२) या पहिल्या चित्रपटाने मॉन्टी नॉर्मन यांच्या नावे असलेली आणि जॉन बॅरी यांनी वाद्यमेळासाठी बांधलेली धून दिली. चित्रपटाचे नाव मिरविणारे, श्रेयनामावलीवर गायले जाणारे गाणे मात्र 'गोल्डफिंगर' (१९६४) पासून, शर्ली बॅसी यांच्या आवाजात, खऱ्या अर्थाने रूढ झाले. धून प्रत्येक चित्रपटात तीच राहते, गाणे प्रत्येक वेळी बदलते. त्यामुळे तेथील चाहत्याच्या अपेक्षेची विभागणी आपोआप होते.

या धुनेचा उगम भारतीय वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीवर आधारलेल्या, रंगमंचावर न आलेल्या एका संगीतिकेसाठी नॉर्मन यांनी केलेली, भारतीय वळणाची चाल त्यांनी पुढे बाँडसाठी वापरली. त्रिनिदादमधील एका भारतीय वंशाच्या, स्वतःच्या घरासाठी धडपडणाऱ्या माणसाची चाल ब्रिटिश हेराची ओळख बनली. अशा चालीची कोणी वाट पाहत नव्हते, पाहणे शक्यही नव्हते.

याउलट 'नो टाइम टु डाय' चे शीर्षकगीत पाहावे. बिली आयलिश यांचे हे गाणे फेब्रुवारी २०२० मध्ये आले. महासाथीमुळे चित्रपट सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस प्रदर्शित झाला. दरम्यान मार्च २०२१ मध्ये गाण्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. सुमारे दीड वर्ष हे गाणे चित्रपटाविना जगले. गाणे कथेपासून सुटे होऊ शकते आणि सुटेपणीच त्याचा निकाल लागू शकतो, याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

मुंबईतील हेरपट आणि त्याची गाणी

हिंदी हेरपटाने शीर्षकगीताची ही चौकट जशीच्या तशी स्वीकारली नाही. 'फर्ज' (१९६७) हा तेलुगू 'गूढचारी ११६' वरून केलेला चित्रपट. जितेंद्र यांनी त्यात हेर क्रमांक ११६ ची भूमिका केली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतातील, महंमद रफी यांनी गायलेले त्यातील वाढदिवसाचे गाणे आजही घरोघरी केक कापताना लावले जाते. ते हेरपटातील आहे याची आठवण मात्र सहसा कोणाला नसते. हेरपटाने समाजाला दिलेले सर्वांत टिकाऊ गाणे हेरगिरीविषयी नसावे, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

राजश्रीच्या 'एजंट विनोद' (१९७७) चे संगीत रामलक्ष्मण यांचे. दादा कोंडके यांच्या 'पांडू हवालदार' (१९७५) ने मराठी प्रेक्षकांपुढे आलेले हे नाव पुढे विजय पाटील यांनी एकट्याने चालविले आणि 'मैंने प्यार किया' (१९८९) मुळे ते देशभर पोचले. ग्रामीण विनोदी मराठी चित्रपटातून आलेल्या संगीतकाराकडे हेरपट सोपविला जाई, त्या काळी या प्रकाराला स्वतःचे असे नादरूप ठरलेले नव्हते. ठरलेले नसल्यामुळे अपेक्षेचे दडपणही नव्हते.

हे चित्र 'एक था टायगर' (२०१२) नंतर बदलले. यशराज फिल्म्सने 'टायगर जिंदा है' (२०१७), 'वॉर' (२०१९), 'पठाण' (२०२३), 'टायगर ३' (२०२३) आणि 'वॉर २' यांची एकमेकांत गुंफलेली मालिका उभी केली. मालिका आली की स्मृती आली, आणि स्मृतीबरोबर अपेक्षा आली.

अपेक्षेचे तीन प्रकार

भाईंदर पूर्वेकडील केबिन रोड हा प्रस्तुत लेखकाच्या नित्य वावराचा परिसर. मराठी, गुजराती, राजस्थानी आणि उत्तर भारतीय कुटुंबे येथे शेजारीशेजारी राहतात. नवे गाणे येथे चित्रपटाच्या कितीतरी आधी पोचते : दुकानात, रिक्षात, भाईंदरहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये कोणाच्या तरी भ्रमणध्वनीवर. मराठी घरांत हिंदी हेरपटाविषयीची चर्चा अस्सल मराठीत रंगते. ही रीतसर पाहणी नव्हे; परंतु कानावर पडणाऱ्या बोलण्यातून अपेक्षेचे तीन प्रकार सहज वेगळे करता येतात.

पहिली अपेक्षा आवाजाची. 'टायगर ३' मधील 'लेके प्रभु का नाम' हे गाणे २३ ऑक्टोबर २०२३ रोजी आले. अरिजित सिंह यांनी सलमान खान यांच्यासाठी गायलेले हे पहिले गाणे. या दोघांविषयी वृत्तपत्रांतून बरीच वर्षे चर्चा झालेली असल्याने गाण्याची चाल कशी असेल यापेक्षा हा आवाज त्या नटाला मिळणार, हीच बातमी ठरली. दुसरी अपेक्षा तुलनेची. 'वॉर २' चे पहिले गाणे 'आवन जावन' ऐकताना श्रोत्यांच्या मनात 'वॉर' मधील 'घुंगरू' होते आणि प्रीतम, अरिजित सिंह व दिग्दर्शक अयान मुखर्जी हेच त्रिकूट असल्यामुळे 'ब्रह्मास्त्र' (२०२२) मधील 'केसरिया'ही होते. तिसरी अपेक्षा दर्शनाची : नायक कसा दिसेल, कोणाबरोबर आणि कसा नाचेल.

तिन्ही अपेक्षांची दृष्टी मागे वळलेली आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. शिवाय तिन्हींत कथेला स्थान नाही. त्याचे कारण रचनेतच आहे. 'स्वॅग से स्वागत' किंवा 'झूमे जो पठान' ही गाणी चित्रपटाच्या शेवटी, श्रेयनामावलीबरोबर येतात. बाँडपटाचे गाणे प्रवेशद्वारी उभे असते, तर मुंबईच्या हेरपटाचे सर्वाधिक गाजलेले गाणे अनेकदा बाहेर पडण्याच्या दाराशी. ज्या गाण्यासाठी प्रेक्षक महिनाभर थांबतो, ते सुरू होते तेव्हा तो आसनावरून उठलेला असतो.

न मागितलेली धून

अपेक्षेच्या या गदारोळात एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. टायगर या पात्राची जी धून आज प्रेक्षक क्षणात ओळखतो, ती शब्दयुक्त गाण्यांतून आलेली नाही. ती पार्श्वसंगीताची देणगी आहे. 'एक था टायगर' आणि 'टायगर जिंदा है' यांचे पार्श्वसंगीत ज्युलियस पॅकियम यांचे आहे. 'पठाण' मध्ये आगगाडीतील मारामारीच्या प्रसंगी टायगर अवतरतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याची धूनही येते, आणि चित्रपटगृहातील शिट्ट्या नायकाइतक्याच तिलाही असतात.

या धुनेची २०१२ मध्ये कोणी मागणी केली नव्हती. तिची झलक दाखवून उत्सुकता वाढविली गेली नव्हती. ती प्रसंगाशी जोडलेली होती, म्हणून आठवणीत राहिली. आणि आठवणीत राहिली, म्हणून ओळख बनली. शीर्षकगीताकडून चाहता जी ओळख आगाऊ मागतो, ती आगाऊ मिळू शकत नाही. ती चित्रपट पाहता पाहता साचत जाते. पार्श्वसंगीतकाराचे नाव फारसे घेतले जात नाही, ही या व्यवहारातील अन्यायाची बाजू होय. गाण्याच्या पहिल्या दिवसाच्या दर्शकसंख्येवर संगीतकाराची परीक्षा घेणारी पद्धत अशा कामाला मोजूच शकत नाही.

गाणे : घोषणा की वेशांतर?

आता मूळ विसंगतीकडे वळू. मराठी परंपरेत हेर म्हटला की बहिर्जी नाईक आठवतात. त्यांच्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या कथांत ते वासुदेव, गोंधळी, फकीर अशा वेषांत शत्रूच्या मुलखात वावरतात. या कथांचा ऐतिहासिक पुरावा किती, हा प्रश्न येथे गौण आहे. लोकमनाने हेराची कल्पना कशी केली, हे महत्त्वाचे. वासुदेवाच्या गाण्याकडे कोणी संशयाने पाहत नाही, म्हणूनच हेर ते गातो. येथे गाणे हे वेशांतराचे साधन आहे. आजच्या हेरपटात मात्र गाणे नायकाच्या आगमनाची दवंडी पिटते.

'ऑक्टोपसी' (१९८३) या उदयपूर येथे चित्रित झालेल्या बाँडपटात या दोन टोकांची गमतीदार गाठ पडते. गारुड्याच्या वेषातील विजय अमृतराज पुंगीवर बाँडचीच धून वाजवून खूण पटवितो. वेश लपविणारा आणि धून उघड करणारी, असा हा विनोद आहे.

ही गाठ गांभीर्याने बांधली ती मेघना गुलजार यांच्या 'राझी' (२०१८) या चित्रपटाने. शंकर-एहसान-लॉय यांचे संगीत आणि गुलजार यांचे शब्द असलेले 'ऐ वतन' हे गाणे कथेत पाकिस्तानातील शाळेची मुले म्हणतात. भारतीय हेर सेहमत ते शिकविते. ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यातील देश आपला वाटतो, तिला तिचा. इक्बाल यांच्या मुलांच्या प्रार्थनेचा आधार असल्याने गाणे दोन्ही बाजूंना सारखेच जवळचे राहते. एकच ओळ दोन निष्ठा बाळगते. गाणेच हेराचे काम करते. चित्रपटाबाहेर हे गाणे निखळ देशभक्तिगीत म्हणून लावले जाते. परंतु कथेपासून सुटे झाल्यावर त्याचा दुसरा अर्थ गळून पडतो. कथेत ठेवून ऐकावे असे हे गाणे आहे. हेरपटाच्या गाण्याकडून यापेक्षा मोठी अपेक्षा क्वचितच करता येईल. दुर्दैवाने चाहत्यांच्या मागणीत तिचा उल्लेख नसतो.

समारोप

वरील विवेचनावरून चाहत्यांच्या अपेक्षेला कमी लेखावे असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. अपेक्षा हे प्रेमाचेच रूप आहे, आणि 'वन्स मोअर' देणाऱ्या समाजाला तरी प्रतीक्षेचे मोल सांगण्याची गरज नाही. आक्षेप आहे तो अपेक्षेच्या आकुंचनाला. आवाज, तुलना आणि दर्शन यांपुरती ती मर्यादित झाली की संगीतकाराला मागचेच पुन्हा देण्यावाचून पर्याय उरत नाही आणि श्रोत्याचा चकित होण्याचा हक्क हिरावला जातो.

बिस्वासची चाल, वाढदिवसाचे गाणे, टायगरची धून आणि 'ऐ वतन' ही चारही उदाहरणे एकच गोष्ट सांगतात : जे टिकले, ते मागणीबरहुकूम घडलेले नव्हते. समीक्षेचे काम यातून निश्चित होते. हेरपटाचे गाणे आधी आले, तरी त्याचा निकाल चित्रपट पाहिल्यावर द्यावा. ते कथेत कोठे बसते, काय लपविते आणि काय उघड करते हे पाहावे. आणि पार्श्वसंगीताला गाण्याइतकेच कान द्यावेत. केबिन रोडवर पुढच्या हेरपटाचे गाणे चित्रपटाआधी पोचेल यात शंका नाही. ते ऐकणाऱ्याने 'हे मागच्यासारखे आहे का' या प्रश्नाबरोबर 'हे कथेत काय करणार आहे' हा प्रश्नही विचारला, तर संगीत नाटकाच्या रसिकाजवळ असलेला समतोल पुन्हा साधता येईल.