एकट्याचा मोक्ष आणि एका जर्मन प्राध्यापकाचा आक्षेप

या ब्लॉगवर एरवी जिवाणूंवरचे शोधनिबंध उलगडून सांगायचं काम चालतं. या वेळचा निबंध माझ्या विषयातला नाही, पण तो वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. शिवाय तो एका अशा वादाच्या मुळाशी आहे, जो तुम्ही घरात, कट्ट्यावर किंवा फॅमिली ग्रुपवर एकदा तरी ऐकला असेल. एक बाजू म्हणते, "तुमचा मोक्ष म्हणजे शुद्ध स्वार्थ, जग जळो आणि मी सुटो." दुसरी बाजू म्हणते, "छे, आमच्याकडे तर तत्त्वमसि आहे. समोरचा मीच आहे म्हटल्यावर त्याच्यावर प्रेम आपोआप आलंच." निबंध १९६१चा, जर्मन भाषेतला. लेखक पाउल हॅकर, भारतीय दर्शनांचे मोठे अभ्यासक. विषय शोपेनहाउअर आणि हिंदू नीतिशास्त्र. हॅकर यांचं म्हणणं थोडक्यात असं की, 'तत्त्वमसि, म्हणून शेजाऱ्यावर प्रेम कर' हा युक्तिवाद उपनिषदांचा नाही, शंकराचार्यांचाही नाही. तो युरोपात तयार झाला आणि तिथून भारतात आला.

ऐकताना राग येतो. पण पुरावा बघूया.

दारा शुकोहने १६५७मध्ये उपनिषदांचं फारसी भाषांतर करून घेतलं. त्यावरून आंक्तील द्युपेरों या फ्रेंच अभ्यासकाने लॅटिन भाषांतर केलं, ते १८०१-०२मध्ये छापलं गेलं. शोपेनहाउअरने ते वाचलं, तो त्याच्या प्रेमातच पडला आणि त्याने करुणेवर उभ्या केलेल्या आपल्या नीतिशास्त्राला तत्त्वमसिचा आधार घेतला. त्याचा अनुयायी पाउल डॉयसन संस्कृतचा पंडित होता. तो भारतात आला आणि २५ फेब्रुवारी १८९३ रोजी आपल्या मुंबईतच, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे त्याने व्याख्यान दिलं. मुद्दा असा की, शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करा असं बायबल सांगतं, पण का करायचं हे वेदान्त सांगतो, कारण तो शेजारी तूच आहेस. पुढे १८९६च्या सप्टेंबरमध्ये कील शहरात विवेकानंद डॉयसनला भेटले आणि त्याच नोव्हेंबरमध्ये लंडनला त्यांनी 'प्रॅक्टिकल वेदान्त'वरची व्याख्यानं दिली. हॅकर या दोन घटना जोडतात.

ही जोडणी मला कच्ची वाटते. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नसतं, हे आम्हाला एमएस्सीच्या पहिल्या सेमिस्टरला शिकवतात. जेम्स मदायो यांनी २०१७च्या एका निबंधात दाखवलंय की विवेकानंदांचा अद्वैत-साठा शंकराचार्यांपुरता नव्हताच. योगवासिष्ठ, अष्टावक्रगीता अशा नंतरच्या ग्रंथांचं वळण त्यांच्या विचारात आहे आणि हॅकर यांच्या चौकटीत या ग्रंथांना जागाच नाही.

पण कुठून आलं हा प्रश्न बाजूला ठेवा. युक्तिवाद टिकतो का? इथे मात्र हॅकर बरोबर आहेत असं मला वाटतं, आणि हे आपल्याकडे कोणी फारसं बोलत नाही. छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय काढून बघा. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाच्या बीचं उदाहरण देतो, पाण्यात विरघळलेल्या मिठाचं देतो, आणि नऊ वेळा सांगतो की ते तू आहेस. 'ते' म्हणजे जगाचं मूळ असलेलं सत्. 'तू' म्हणजे श्वेतकेतू. या संवादात शेजारी कुठे आहे? तिसरा माणूसच नाही. शेजारी आपण नंतर आणून बसवलाय.

बसवला तरी अडचण आहेच. समोरचा मीच आहे म्हणून मी त्याला मदत करतो, असं म्हटलं तर ती करुणा कशी? ती स्वतःचीच काळजी झाली. दुसरं म्हणजे, अद्वैतातल्या ज्या आत्म्याशी ऐक्य आहे त्याला दुःखाचा स्पर्शच होत नाही. ज्याला दुखत नाही त्याचं दुःख दूर काय करणार? करुणेला दोन माणसं लागतात, एक दुखणारा आणि एक बघणारा. दोघांचा एक केला की करुणेची जागाच जाते. (आठव्या शतकातल्या बौद्ध आचार्य शांतिदेवांनी उलट्या टोकाने असाच युक्तिवाद केला. आत्माच नाही, मग दुःख कुणाचंच नाही, मग सगळंच दूर करायला हवं. पॉल विल्यम्स यांनी १९९८च्या पुस्तकात त्यावर जवळपास हाच आक्षेप घेतला, की मग ज्याच्यासाठी झटायचं तोच उरत नाही. म्हणजे ही अडचण फक्त वेदान्ताची नाही.)

आता हॅकर कुठे चुकतात ते. 'हा विशिष्ट युक्तिवाद जुना नाही' यावरून 'जुन्या हिंदू विचारात करुणेला आधार नव्हता' इथवर जायला फार छोटी उडी लागते. निबंध वाचून अनेकांनी ती मारली आणि हॅकर यांच्या सुराने त्यांना ती मारू दिली. माझ्या विषयात बोलायचं तर ई. कोलायच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या एका स्ट्रेनवर प्रयोग करायचा आणि निष्कर्ष सगळ्या जिवाणूंबद्दल काढायचा. शंकराचार्य हा तो स्ट्रेन. महत्त्वाचा खरा, पण एकच.

आणि त्या स्ट्रेनमध्येही जे सापडतं ते नीट वाचलं जात नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात, दुसऱ्याचं सुखदुःख आपल्यावरून ओळखावं असा एक श्लोक आहे. त्यावर शंकराचार्य म्हणतात ते साधारण असं: जसं मला सुख हवंसं वाटतं तसंच सगळ्या प्राण्यांना वाटतं, असं जो बघतो तो कुणाचंच वाईट करत नाही. इथे ऐक्य नाही, साम्य आहे. तो मी नाही, तो माझ्यासारखा आहे. दोन माणसं शाबूत आहेत आणि युक्तिवाद चालतो. फक्त तो पोचतो कुठे ते बघा. 'वाईट करत नाही' इथे. चांगलं करायला जातो का, हे त्यात नाही.

हीच मर्यादा बाराव्या अध्यायात दिसते. भक्ताचं वर्णन करताना तो सर्वांचा मित्र आणि करुण असतो असं गीता म्हणते. शंकराचार्य आधी अर्थ बरोबर देतात, करुणा म्हणजे दुःखी लोकांवर दया. मग लगेच त्याचा मथितार्थ सांगतात, सर्व प्राण्यांना अभय देणारा, म्हणजेच संन्यासी. करुणा म्हणजे माझ्यापासून कुणाला भीती नाही. हे थोडं नाही, पण तहानलेल्याला याचा उपयोग नाही.

आता तोच श्लोक ज्ञानेश्वरीत (१२९०) वाचा. ज्ञानेश्वर तिथे पाण्याचं उदाहरण घेतात. गाय आली म्हणून तिची तहान भागवावी आणि वाघ आला म्हणून विष होऊन त्याला मारावं, असं पाणी करत नाही. एकाच शब्दाचं भाष्य, पण करुणा 'अभय'वरून 'पाणी' झाली. ती आता कुणाला तरी पोचते, घशाखाली उतरते. दोन्ही भाष्यकार अद्वैतीच. फरक कुठून आला? मला वाटतं ज्ञानेश्वरांच्या अद्वैतात भक्ती शिरलीय आणि भक्तीला दुसरा लागतो.

यावर कुणीतरी लोकसंग्रह काढणार हे उघड आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापलेल्या गीतारहस्यात हा शब्द केंद्रस्थानी आणला. ज्ञान झाल्यावरही कर्म सोडायचं नाही, लोकसंग्रहासाठी करत राहायचं. संन्यासाला मोक्षाची एकमेव वाट मानणाऱ्या भाष्यकारांना टिळकांनी दिलेलं उत्तर मराठी मनावर इतकं ठसलंय की आपण लोकसंग्रह म्हणजे समाजसेवा असंच धरून चालतो. पण गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कृष्णाला भीती कसली वाटते? त्याने कर्म सोडलं तर लोक त्याचं बघून सोडतील, व्यवस्था मोडेल, संकर होईल. शंकराचार्यांनी लोकसंग्रहाचा अर्थ लोकांना आडमार्गाला जाण्यापासून रोखणं असा दिलाय. टिळकांचा अर्थ याहून रुंद आहे, पण त्यांचाही भर जग धरून ठेवण्यावर आहे. लोकसंग्रहात काळजी व्यवस्थेची आहे. दुखणाऱ्या माणसाची असेलच असं नाही. राजा उत्तम लोकसंग्रह करूनही निष्ठुर असू शकतो. तेव्हा 'हिंदू विचारात करुणा नाही' याला 'लोकसंग्रह आहे' हे उत्तर होत नाही. प्रश्न एक, उत्तर दुसऱ्याच पेपरचं.

असंच एक चुकीचं उत्तर वारकरी परंपरेतून दिलं जातं. तुकाराममहाराजांनी मुक्ती नाकारली, पुन्हा जन्म मागितला, म्हणजे लोकांसाठीच ना? अभंग परत वाचा. मुक्ती नाकारताना मागणी संतसंगाची आणि नामाची आहे. तिथे मुक्ती फिकी पडते ती भक्तीच्या गोडीपुढे, लोकांच्या दुःखापुढे नव्हे. रंजल्यागांजल्यांविषयीची तुकोबांची कळकळ दुसरीकडे आहे आणि भरपूर आहे. पण हे दोन धागे आपण घाईत एकत्र पिळतो.

मग मोक्ष आणि दुसऱ्याचं दुःख थेट समोरासमोर कुठे येतात? भागवतात. सातव्या स्कंधात हिरण्यकशिपू मारला गेलाय, नृसिंहाचा राग उतरत नाहीये, देव घाबरून लांब उभे आहेत आणि लहानगा प्रह्लाद पुढे होऊन स्तुती करतो. त्या स्तुतीत तो मध्येच म्हणतो (शब्द माझे) की, मुनी बहुतेक स्वतःच्या मुक्तीच्या इच्छेने एकांतात मौन धरून राहतात, दुसऱ्यांचं बघत नाहीत. मला या दीनांना टाकून एकट्याने सुटायचं नाही. नवव्या स्कंधात रंतिदेव आहे. ४८ दिवस पोटात काही नाही, पाणीसुद्धा नाही. मग अन्न मिळतं, तेवढ्यात ब्राह्मण अतिथी येतो. मग शूद्र. मग कुत्रे घेऊन आलेला माणूस. अन्न संपतं, एकाला पुरेल एवढं पाणी उरतं आणि पुल्कस, म्हणजे अंत्यज, ते मागतो. ते देताना रंतिदेव म्हणतो की मला सिद्धी नकोत, पुनर्जन्मातून सुटकाही नको, सगळ्यांच्या आत राहून त्यांचं दुःख मला सोसू दे.

अल्बर्ट श्वाइट्झरने १९३०च्या दशकात भारतीय विचार जगाला नकार देणारा आहे असं लिहिलं, तेव्हा राधाकृष्णन यांनी १९३९च्या पुस्तकात त्याला उत्तर दिलं आणि पुढे वाद 'पश्चिम विरुद्ध आम्ही' असाच चालला. पण प्रह्लादाचं वाक्य बघा. 'मोक्षाच्या मागे लागलेले स्वतःपुरतं बघतात' हा आक्षेप श्वाइट्झरच्या हजारएक वर्षं आधी आपल्याच पुराणात, एका भक्ताच्या तोंडी, देवासमोर घेतला गेलाय. म्हणजे टीकाकार खोटं बोलत नव्हते. त्यांनी ज्याच्यावर टीका केली ते होतं, म्हणून तर प्रह्लादाला ते बोलावं लागलं. आणि ती टीका परकीही नव्हती.

दर्शनकारांनाही हा प्रश्न टोचत होता, वेगळ्या अंगाने. अविद्या एकच असेल तर पहिला माणूस मुक्त झाल्याबरोबर सगळेच सुटायला हवे होते. शुक, वामदेव सुटले, मग आपण अजून बांधलेले कसे? सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांच्या सिद्धान्तलेशसंग्रहात यावर एक मत येतं की, सगळे सुटेपर्यंत मुक्त झालेला ईश्वररूपाने राहतो. शुद्ध ब्रह्मरूप शेवटचा सुटल्यावर. हे करुणेतून आलेलं नाही, बिंब-प्रतिबिंबाचा हिशोब जुळवताना आलंय. तरी एकट्याचा मोक्ष अपुरा राहतो ही गोष्ट तर्काच्या रस्त्यानेही निघाली, हे मला फार आवडलं. हॅकर यांचा निबंध शिकवला जातो तिथे हे प्रकरणही शेजारी ठेवायला हवं.

भागवतालाही मी सोडणार नाही. रंतिदेवाच्या गोष्टीत शेवटी कळतं की आलेले अतिथी देव होते, परीक्षा बघायला आलेले. म्हणजे तहानलेला पुल्कस नव्हताच. गोष्टीने रंतिदेवाला मोठं केलं आणि ज्याच्यासाठी तो मोठा झाला त्याला पुसून टाकलं.

आणि प्रह्लाद. स्तुती संपल्यावर नृसिंह प्रसन्न होतो, वर माग म्हणतो. प्रह्लाद म्हणतो, मी व्यापारी नाही. मग देव त्याला या मन्वंतरापुरतं दैत्यांचं राज्य करायला सांगतो, आणि प्रह्लादाने वडिलांबद्दल विचारल्यावर ते एकवीस पितरांसह पावन झाले असं सांगतो. या दीनांना टाकून मी एकटा सुटणार नाही, या वाक्याचं काय? दोन्ही अध्याय मी पुन्हा पुन्हा वाचले. त्या वाक्याला नृसिंह उत्तर देत नाही.