अंगठ्याला ३० टक्के, झोपेला किती?

कामगार कायदा आणि मानसिक आरोग्य असा विषय घेऊन पीएचडीचं प्रपोजल लिहायला बसलं की एक वाक्य हमखास पडतं: "भारतीय कायदा मानसिक इजेला मान्यता देत नाही." वाक्य सुटसुटीत आहे. एका ओळीत 'रिसर्च गॅप' तयार होतो, गाइडही मान डोलावतात. आज या एका वाक्याची चिरफाड करू. माझ्या मते ते अर्धवट आहे, आणि त्याच्या भरवशावर तुम्ही भलत्याच ठिकाणी तीन वर्षं खणत बसाल. कायद्याच्या शब्दांत मनाला जागा आहे. अडचण पुढे, मोजमापाच्या तक्त्यात सुरू होते.

उदाहरण म्हणून कोळसा खाणकामगार घेतो. मी राहतो त्या मानखुर्दपासून काही किलोमीटरवर ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो, पण कोळसा काढणारा माणूस मुंबईत कुणाला दिसत नाही. आपल्या राज्यात तो नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ या पट्ट्यात आहे, बहुतेक वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींत. समजा, भूमिगत खाणीत छत कोसळलं. शेजारचा सहकारी दबून गेला, हा वाचला. अंगावर ओरखडा नाही. पण आता खाली उतरायचं म्हटलं की हात थरथरतात, घाम फुटतो, रात्री दचकून जाग येते. महिनाभर तो कामावर गेलेला नाही. याला भरपाई मिळेल का?

आधी शब्द वाचा

१९२३ च्या भरपाई कायद्याचं कलम ३ काय मागतं? कामातून आणि काम चालू असताना झालेल्या अपघातामुळे 'वैयक्तिक इजा' झालेली असावी. 'शारीरिक' हा शब्द तिथे नाही. आणि ही शब्दरचना आपली नाही, ती इंग्लंडच्या कायद्यातून आलेली आहे. म्हणून तिथला एक जुना निकाल वाचायलाच हवा: येट्स विरुद्ध साऊथ कर्बी कॉलिअरीज, १९१०. योगायोग बघा, हासुद्धा कोळसा खाणीतलाच कामगार. तो जखमी सहकाऱ्याच्या मदतीला धावला, स्वतःला काहीही लागलं नाही, पण बसलेल्या धक्क्याने तो पुढे काम करू शकेना. अपील न्यायालयाने त्याचा दावा मान्य केला. मोडलेला पाय जशी इजा, तसाच काम करू न देणारा मानसिक धक्काही इजा, असा त्या निकालाचा आशय आहे. आपला कायदा त्यानंतर तेरा वर्षांनी आला, आणि शब्द तेच घेऊन आला.

दुसरा निकाल आपल्या मुंबईचा. लक्ष्मीबाई आत्माराम विरुद्ध बॉम्बे पोर्ट ट्रस्ट. पोर्ट ट्रस्टचा एक पहारेकरी आधीपासून हृदयविकाराचा रुग्ण होता, कामावर असताना छातीत दुखू लागलं आणि तो गेला. मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने १९५३ मध्ये दिलेलं सूत्र असं: काम हे मृत्यूचं एकमेव कारण असायची गरज नाही, कामाने त्याला हातभार लावला किंवा तो लवकर ओढवला, एवढं पुरे. हे सूत्र मनाला लावून बघा. "तो मुळातच घाबरट होता" हा मालकाचा आवडता बचाव निम्मा तिथेच ढासळतो.

म्हणजे शब्द मोकळे आहेत. मग असे दावे ठरावीक साच्यात का बसत नाहीत?

आता तक्ता बघा

मी विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे कायद्याच्या अनुसूचीकडे मी मोजमापाचं साधन म्हणून बघतो. आणि कुठल्याही साधनाला विचारायचा पहिला प्रश्न: हे नेमकं काय मोजतं?

पहिल्या अनुसूचीत इजांची यादी आणि त्यापुढे कमाईची क्षमता किती टक्के गेली याचे आकडे आहेत. अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४. मधलं बोट १२. हिशेब करून बघू. कायमच्या संपूर्ण अपंगत्वाची भरपाई म्हणजे मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला घटक. २०२० पासून या हिशेबात वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरलं जातं, प्रत्यक्ष पगार कितीही असो. वय ३५ असेल तर घटक १९७.०६. म्हणजे १७,७३,५४० रुपये. अंगठ्याचे त्याच्या ३० टक्के, ५,३२,०६२ रुपये. हा हिशेब कारकून दहा मिनिटांत करतो. डॉक्टरांशी वाद नाही, कमिशनरपुढे उलटतपासणी नाही. तक्त्याची ताकद हीच आहे.

झोप उडाली, खाली उतरता येत नाही, याला या यादीत ओळ नाही. म्हणून दावा थेट फेटाळला जातो असं नाही. यादीबाहेरच्या इजेसाठी कलम ४ मध्ये सोय आहे: पात्र डॉक्टरने कमाईची क्षमता किती कमी झाली ते सांगायचं. फरक कळला का? अंगठा गमावलेल्याला आकडा तयार मिळतो, मन दुखावलेल्याला आकडा लढून मिळवावा लागतो. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ लागतो, वकील लागतो, वेळ लागतो. आणि दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं. पुरेसं कारण दाखवलं तर कमिशनर उशीर माफ करू शकतात, पण आघातानंतरच्या तणाव विकाराची लक्षणं कधी कधी सहा महिन्यांनंतर पूर्ण दिसू लागतात. लक्षणं उशिरा, आजाराचं नाव त्याहून उशिरा, आणि घड्याळ अपघाताच्या दिवसापासून चालू.

तिसरी अनुसूची व्यवसायजन्य आजारांची. तिथे सिलिकोसिससारखे धुळीचे फुफ्फुसविकार आहेत, मानसिक आजार एकही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या यादीत २०१० पासून मानसिक आणि वर्तनविषयक विकारांचा वेगळा गट आहे, आणि त्यात आघातानंतरच्या तणाव विकाराचं नाव पहिलं आहे. आपल्याकडे १९२३ चा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागूही झाली. याद्या बदलायची ती संधी होती. मन मात्र यादीबाहेरच राहिलं.

खाणींची आकडेवारी वापरणार असाल तर आणखी एक सावधगिरी बाळगा. १९५२ च्या खाण कायद्यात 'गंभीर शारीरिक इजा' म्हणजे अवयव, दृष्टी, श्रवण, हाड यांचं नुकसान. त्याखालची 'रिपोर्टेबल इजा' म्हणजे ७२ तास किंवा जास्त काळ कामावर येता न येणं. आपला कामगार महिनाभर घरी आहे. शब्दशः वाचलं तर तो दुसऱ्या व्याख्येत बसू शकतो. पण नोंदवही भरणारा जखम शोधतो. त्यामुळे अपघातांच्या आकड्यांवरून मानसिक इजेचं प्रमाण काढायला जाऊ नका. तिथला शून्य म्हणजे 'घडलं नाही' असा नसतो, 'विचारलं नाही' असा असतो.

राणीगंजच्या महाबीर खाणीचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर १९८९, खाणीत पाणी शिरलं, ७१ जण अडकले, सहा जण गेले. जसवंतसिंग गिल यांनी पोलादी कॅप्सूलमधून ६५ जणांना वर काढलं. सुटकेवर सिनेमाही आला. त्या अंधारात, पाण्यात काढलेल्या वेळेसाठी मात्र पहिल्या अनुसूचीत एकही ओळ नाही.

मग मोजपट्टीच नाही का?

आहे, आणि भारतातच आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मानसिक आजार मोजायला 'आयडियाज' नावाची श्रेणी वापरतात. स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद व आकलन, आणि काम: चार क्षेत्रं, प्रत्येकाला ० ते ४ गुण, आजाराच्या कालावधीचे १ ते ४. एकूण २० पैकी ७ आले तर ४० टक्के दिव्यांगत्वाची रेषा ओलांडली.

"मग हीच श्रेणी भरपाई कायद्यात घाला" अशी शिफारस तुम्हाला सुचली असेल. थांबा, आधी आपला कामगार तिच्यात बसवून बघा. तो आंघोळ करतो, बोलतो, बाजारात जातो. काम ३, नातेसंबंध १, बाकी शून्य, दोन वर्षांच्या आतला आजार म्हणून १. एकूण ५. रेषेच्या खाली. पण ज्या कामावर घर चालतं ते भूमिगत काम त्याला पुन्हा जमणार नाही.

इथे प्रताप नारायण सिंग देव हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला. न्यायालयाने त्याची कमाईची क्षमता १०० टक्के गेली असं धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. प्रश्न शरीराचा किती भाग गेला हा नव्हता, हा माणूस आपलं काम करू शकतो का, हा होता. आयडियाज दीर्घ आजारातलं एकूण जगणं मोजते, भरपाई कायदा विशिष्ट कामातली कमाई विचारतो. दोन्ही टक्क्यांत बोलतात म्हणून एकच गोष्ट सांगतात असं नाही. वैधतेचा हा प्रश्न कायद्याच्या पेपरांत फारसा विचारला जात नाही, आणि मानसशास्त्राच्या पेपरांत कायदा वाचला जात नाही. खरा गॅप इथे आहे.

मालकाची बाजूही ऐका

आक्षेप उघड आहे: मनाचं सोंग आणता येतं, सगळे दावे मान्य केले तर निधी बुडेल. हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नका, कारण ज्यांनी मानसिक इजा स्पष्टपणे मान्य केली त्यांनाही तो सोडवावा लागला. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्समध्ये कायमच्या मानसिक इजेच्या एकरकमी भरपाईसाठी किमान १५ टक्क्यांचा उंबरठा ठेवला गेला, आणि शारीरिक इजेतून उद्भवलेली मानसिक इजा त्यातून वगळली गेली. २०१२ मध्ये तिथे भरपाईत कपात झाली तेव्हा कोळसा खाणकामगारांना त्यातून वगळलं. म्हणजे मान्यता मिळाली की वाद संपत नाही, तो उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. तुमच्या शोधनिबंधाचा शेवट "कायद्यात मानसिक इजा समाविष्ट करावी" एवढाच असेल, तर खरा प्रश्न तुम्ही पुढच्या संशोधकावर ढकललात.

प्रपोजल लिहिण्याआधी

एक, "मान्यता नाही" हे वाक्य खोडा. त्याऐवजी विचारा: मान्यता कोणत्या टप्प्यावर गळते? अपघाताच्या नोंदीत, डॉक्टरच्या दाखल्यात, मुदतीत की टक्क्यांत? प्रत्येक टप्प्याला वेगळी पद्धत लागेल.

दोन, निकालांसोबत करारही वाचा. राष्ट्रीय कोळसा वेतन करारातलं कलम ९.४.० कायमचं अपंगत्व आलेल्या कामगाराच्या एका अवलंबिताला नोकरी देण्याबद्दल आहे. तिथेही भाषा 'शारीरिक दुर्बलते'ची आहे.

तीन, हे सर्वात महत्त्वाचं. प्रश्नावली घेऊन चंद्रपूरला जाणार असाल तर भरलेले फॉर्म कुणाच्या हातात पडू शकतात याचा आधी विचार करा. 'नैराश्य: तीव्र' असा शेरा व्यवस्थापनापर्यंत पोचला तर त्या माणसाला भरपाई मिळेलच असं नाही, पण 'अनफिट' ठरून त्याचं भूमिगत काम आणि भत्ता मात्र जाऊ शकतो. ज्या इजेसाठी तक्त्यात पैसे नाहीत ती उघड करण्याचा खर्च कामगाराच्याच खिशातून जातो. त्यामुळे त्याने तुम्हाला "मला काही त्रास नाही" असं सांगितलं, तर उत्तर खोटं म्हणून बाजूला टाकू नका. त्याने कायदा तुमच्याइतकाच नीट वाचलेला असू शकतो. नावं, टोकन नंबर, खाणीचं नाव डेटाच्या फाइलमध्ये ठेवू नका, आणि ज्याला मदतीची गरज दिसेल त्याला कुठे पाठवायचं ते जाण्याआधी ठरवून ठेवा.

आणि विषय खाणीपुरता आहे असं समजू नका. मानखुर्दवरून जाणारी हार्बर लोकल चालवणाऱ्या मोटरमनचा विचार करा. समोर रुळावर माणूस येतो, ब्रेक लागतो, गाडी थांबेपर्यंत उशीर झालेला असतो. मोटरमनच्या अंगावरही ओरखडा नसतो. प्रश्न तोच आहे, आणि तो विचारायला आपल्याला चंद्रपूरपर्यंतही जावं लागत नाही.