ओळख करून देण्यापलीकडे

बेव्हर्ली लुईस यांची ‘द शनिंग’ १९९७ साली अमेरिकेत आली. पेनसिल्व्हेनियातल्या अमिश मुलीची ही गोष्ट प्रचंड खपली आणि साध्या राहणीच्या ख्रिस्ती समाजांवरच्या कादंबऱ्यांची रीघ लागली. घोडागाडी, डोक्यावरची टोपी, विजेविना घर आणि मधोमध एक प्रेमकथा. लिहिणाऱ्या बहुतेक जणी स्वतः अमिश नाहीत. त्यामुळे रीतिरिवाज ठसठशीत उमटतात, माणसं पुसट राहतात. कॅनडातल्या मेनोनाइट या अशाच एका समाजाच्या गावात वाढलेल्या मिरियम टेव्स यांनी मात्र ‘अ कॉम्प्लिकेटेड काइंडनेस’मध्ये (२००४) बहिष्काराने मोडलेलं घर आतून दाखवलं. पोशाख समजावून सांगण्यात त्यांनी वेळ घालवला नाही.

वसईचं मराठी ख्रिस्ती लेखन वाचताना हा फरक मला सतत जाणवतो. नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गास या पट्ट्यातल्या कुपारी समाजाकडे कादंबरीचं सगळं साहित्य आहे. केळी आणि पानवेलींच्या वाड्या, गोड्या पाण्याची बावखलं, बायकांचं लाल लुगडं, कादोडी बोली, चर्चमधली मराठी मिस्सा, पहाटेच्या गाडीने मुंबईला जाणारी भाजी आणि फुलं. ख्रिस्ती धर्म घेऊन आलेले पोर्तुगीज १७३९ साली वसईतून गेले. श्रद्धा राहिली, शेती राहिली, भाषाही राहिली.

या समाजाने लिहिलंही भरपूर. ‘सुवार्ता’ मासिकाने कित्येक हात लिहिते केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ते दीर्घकाळ संपादताना चर्चच्या अंगणातलं मासिक मराठी वाङ्मयाच्या चर्चेत आणून बसवलं. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. सिसिलिया कार्व्हालो यांची कविता आणि ललितगद्य वसईबाहेरच्या वाचकांनीही आपलं मानलं. आठवणी, प्रवासवर्णनं, चिंतनपर लेख यांना तोटा नाही. मागे राहिली ती कादंबरी. वसई म्हटल्यावर मराठी वाचकाच्या ओठांवर चटकन एखादी कादंबरी येत नाही.

प्रतिभा कमी पडली, असं मला वाटत नाही. या लेखकांवर सदैव ओळख करून देण्याचं ओझं राहिलं. दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या निवडीलाच विरोधाचे सूर उमटले. चारशे वर्षांपूर्वीचं ‘क्रिस्तपुराण’ आणि १८५७ची बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी नावावर असलेल्या परंपरेला अजूनही आपलं मराठीपण सिद्ध करावं लागतं, ही मला फार क्लेशकारक गोष्ट वाटते. ज्याला सारखं ‘आम्ही कोण’ हे सांगावं लागतं, तो लग्नातली गाणी सांगतो, सुकेळी कशी करतात ते सांगतो, नाताळ सांगतो. घरातलं भांडण सांगत नाही. गाव लहान असतं, चर्चच्या धर्मग्रामात सगळे सगळ्यांना ओळखतात, हीही अडचण आहेच.

कादंबरीला तर ते भांडणच लागतं. इमारतींनी आणि टँकरच्या पाणीउपशाने वसईचं गोडं पाणी धोक्यात आलं, तेव्हा ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली. तिच्यावर लेख निघाले, भाषणं झाली. पण सभेत घोषणा देणारा आणि त्याच आठवड्यात बिल्डरशी व्यवहाराची बोलणी करणारा भाऊ, सहीसाठी अडून बसलेली बहीण, दोघांनाही ओळखणारे धर्मगुरू यांना पात्रं म्हणून उभं करणारा लेखक हवा. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त नवऱ्याच्या धर्मांतराने झालेली घालमेल कुणाचीही भीड न धरता लिहिली. ती धिटाई मराठी ख्रिस्ती गद्याच्या घरचीच आहे.

लेखक ख्रिस्तीच हवा, असा माझा आग्रह नाही. दामोदर मावजो यांची कोंकणी ‘कार्मेलीन’ कुवेतला घरकामासाठी गेलेल्या गोव्यातल्या ख्रिस्ती स्त्रीची कथा आहे. मावजो हिंदू, पण माजोर्ड्याच्या दुकानात बसून त्यांनी शेजाऱ्यांची सुखदुःखं वर्षानुवर्षं ऐकली होती. कार्मेलीन कुठल्या समाजाची प्रतिनिधी म्हणून येत नाही. ती चुकते, सोसते, पैसे पाठवते. वसईच्या वाड्यांच्या कडेने आज विरार-नालासोपाऱ्याची लाखोंची वस्ती वाढली आहे. कुपारी आजीकडून रोज भाजी घेणारं एखादं मूल तिथल्या चाळीतही लिहायला लागू शकतं. त्याने आधी कादोडी ऐकायला शिकावं, आणि वाडीतल्या लेखकाने ती निवेदनात आणताना तळटीप देऊ नये.