पुराव्याचें वजन आणि पोथ्यांची संख्या

आय्. जे. गुड यांचा ‘प्रॉबेबिलिटी अँड द वेइंग ऑफ एव्हिडन्स’ हा आटोपशीर ग्रंथ लंडन येथें १९५० सालीं प्रसिद्ध झाला. तो गणितज्ञांसाठीं असला तरी जुन्या कागदांवरून निर्णय करणारांस त्यांतील मुख्य विचार फार उपयोगी आहे.

पक्ष खरा असतां पुरावा आढळण्याचा संभव, पक्ष खोटा असतांच्या संभवाच्या किती पट, हें गुणोत्तर घ्यावें. त्याचा लॉगरिथम तें पुराव्याचें वजन. स्वतंत्र पुराव्यांचीं वजनें मग नुसत्या बेरजेनें मिळतात. दुसऱ्या महायुद्धांत ब्लेचली पार्क येथें जर्मन गुप्तलिपि सोडवितांना अ‍ॅलन ट्यूरिंग यांनीं हें माप योजिलें. लागणारे कागद बॅनबरी गांवीं छापले जात, म्हणून त्यास ‘बॅन’ व त्याच्या दशमांशास ‘डेसिबॅन’ म्हणत. गुड तेथें त्यांचे सहकारी होते. दुपटीचें वजन सुमारें ३ डेसिबॅन, दसपटीचें १०.

समजा, एका बखरीच्या पांच प्रतींत लढाईची एकच तिथि आहे, व प्रत्येक प्रतीस दुपटीचें वजन दिलें. बेरीज १५ डेसिबॅन, म्हणजे सुमारें ३२ पट भरते. परंतु चार प्रती पहिलीवरूनच उतरल्या असतील, तर वजन ३ वरच राहतें. मूळची चूकही चौघे नकलकार इमानानें उतरवून घेतात. ‘बहुतेक पोथ्यांत असेंच आहे’ हें आमच्या टिपणांतील आवडतें वाक्य येथें ढांसळतें. नैयायिकांचा उपाधि शोधण्याचा आग्रह याच जातीचा होय.

गुड स्वातंत्र्याची अट घालतात. पण तें ओळखावें कसें, हें सूत्रांतून निघत नाहीं. तें समान चुका व गळलेल्या ओळी पाहूनच ठरावयाचें. भांडारकर संस्थेच्या महाभारत-आवृत्तींत विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं पोथ्यांच्या संख्येपेक्षां स्वतंत्र शाखांच्या मेळास मान दिला. तरी शाखांची सरमिसळ इतकी, कीं शुद्ध वंशवृक्ष त्यांसही लावितां आला नाहीं. तेथें डेसिबॅनची बेरीज कोण मांडणार ?

‘दुप्पट’ हा आंकडाही निर्णय करणाराच्या विवेकांतूनच येतो. गुड हें लपवीत नाहींत. मतांतील विसंगति पकडणें हें ते सिद्धान्ताकडून मागतात. तेवढ्यापुरतें आम्ही त्यांचे ऋणी आहों. दशांश चिन्हाच्या भरवशावर तिथिनिर्णय करूं पाहणारांशीं मात्र आमचें जुळणार नाहीं. ज्यांच्या संग्रहीं बखरी आहेत त्यांनीं आधीं प्रत्येक प्रत कोठून उतरली, कोणी व कोणत्या शकांत, हें पुष्पिकेसह छापावें. त्यावांचून आलेल्या प्रती आम्ही बेरजेंत धरणार नाहीं.